वादळाची शिदोरी

पृथ्वीपासून 1,336 किलोमीटर उंचीवरून फिरणारा सेंटिनेल-6 हा उपग्रह समुद्राची उंची मोजतो. खाली रडारचे स्पंद सोडायचे, ते पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते पाहायचं, आणि त्यावरून समुद्र कुठे फुगलाय, कुठे बसलाय ते सांगायचं. हे सगळं काही सेंटिमीटरच्या अचूकतेनं! गंमत म्हणजे, या एवढ्याशा फुगवट्यावरून येऊ घातलेलं हरिकेन, म्हणजे अमेरिकेकडचं चक्रीवादळ, किती माजू शकतं याचाही सुगावा लागतो.

पाणी तापलं की प्रसरण पावतं. त्यामुळे उबदार पाण्याचा थर जितका जाड, तितकी तिथली समुद्रपातळी उंच. आणि ही ऊबच हरिकेनची शिदोरी. त्याला साधारण 26 अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी लागतं, पण नुसता पृष्ठभाग तापलेला असून भागत नाही. वादळी वारा समुद्र घुसळतो आणि खालचं पाणी वर आणतो. उबदार थर पातळ असेल, तर वर येतं ते गार पाणी आणि वादळाचा जोर त्यानं स्वतःच केलेल्या घुसळणीनं ओसरतो. थर शंभर मीटर जाड असेल, तर वर येणारं पाणीही उबदारच असतं. मेक्सिकोच्या आखातात कॅरिबियनकडून शिरणारा ‘लूप प्रवाह’ असं खोलवर तापलेलं पाणी घेऊन येतो. 2005 साली ‘कतरिना’ हे हरिकेन त्याच्यावरून गेलं आणि पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात पोचलं.

उपग्रहाला दिसतो तो पृष्ठभाग. खोलवरचं तापमान मोजायला पाण्यातच उतरावं लागतं. जगभरच्या महासागरांत सुमारे 4,000 आर्गो तरंगक आहेत. दर दहा दिवसांनी प्रत्येक तरंगक 2,000 मीटर खोल जातो, वर येताना तापमान आणि क्षारता नोंदवतो आणि आकडे उपग्रहाकडे पाठवून पुन्हा बुडी मारतो. 30 सप्टेंबर 2021 रोजी तर सेलड्रोन नावाची सात मीटर लांबीची, माणूस नसलेली होडी अटलांटिकमध्ये ‘सॅम’ या हरिकेनमध्ये शिरली. सुमारे 15 मीटर उंचीच्या लाटांतून तिनं आकड्यांबरोबर चित्रफीतही किनाऱ्यावर पाठवली.

हवेतला तपास विमानं करतात. अमेरिकन हवाई दलाची आणि ‘नोआ’ या संस्थेची विमानं वादळाच्या डोळ्याभोवतीच्या भिंतीतून थेट त्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत भागात, शिरतात आणि वाटेत ड्रॉपसोंड टाकतात. नळीच्या आकाराचं हे यंत्र छोट्या पॅराशूटनं समुद्रापर्यंत उतरतं. वाटेतला दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा सतत कळवतं, आणि मग पाण्यात पडून संपतं. काही मिनिटांचंच त्याचं आयुष्य, पण वादळाचा उभा छेद त्यातूनच मिळतो. हे सगळे आकडे महासंगणकांवरच्या प्रारूपांत जातात, आणि मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी नवा अंदाज जाहीर करतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये या साऱ्या यंत्रणेची कसोटी लागली. 6 तारखेच्या दुपारी ‘मिल्टन’ जेमतेम हरिकेन झालं होतं. खाली आखाताचं पाणी विलक्षण तापलेलं. चोवीस तास उलटायच्या आत ते पाचव्या वर्गात पोचलं. 7 तारखेच्या संध्याकाळी वाऱ्याचा वेग ताशी 285 किलोमीटर होता आणि दाब 900 मिलिबारच्याही खाली गेला होता. एरवी तो समुद्रसपाटीला साधारण 1,013 असतो.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टँपा शहरात समुद्राचं पाणी घुसणार अशी भीती होती. पण 9 तारखेच्या रात्री, जोर थोडा ओसरलेलं मिल्टन टँपाच्या दक्षिणेला, सिएस्टा की इथं धडकलं. उत्तर गोलार्धात हे वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. त्यामुळे केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि टँपाच्या खाडीतलं पाणी चढण्याऐवजी उतरलं! केंद्राची वाट थोडी उत्तरेला असती, तर तेच पाणी शहरात शिरलं असतं. उलट फ्लोरिडाच्या दुसऱ्या, पूर्व किनाऱ्यावर, केंद्रापासून कितीतरी दूर, वादळ जमिनीवर येण्याच्या काही तास आधीच टॉर्नेडो उठले आणि त्यांत माणसं दगावली.

म्हणूनच अंदाजाच्या नकाशावरचा शंकू नीट वाचायला हवा. तो वादळाचा घेर दाखवत नाही, फक्त केंद्राची संभाव्य वाट दाखवतो. आणि साधारण तीनपैकी एका वेळी केंद्रही त्याच्या बाहेर जातं. अरबी समुद्रासाठी असाच शंकू आपलं हवामान खातं काढतं, आणि समुद्रातल्या उष्णतेचा हिशेब हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था ठेवते. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तशी वादळं पुढेही येतील. तेव्हा शंकूतली मधली रेघ आपल्या गावापासून किती लांब आहे हे मोजत बसू नका. आपल्या जिल्ह्याला इशारा आहे का, ते पाहा आणि असला तर तो पाळा.