उणे पंधरा, पण वारा किती?

नकाशा समोर घेतला तर कॅनडातलं कॅल्गरी हे शहर विनिपेगपेक्षा थोडं उत्तरेला येतं. उंचीतही तेच वरचढ. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंचावर आहे, विनिपेग अडीचशे मीटरच्या आत. अक्षांश आणि उंची या दोन्ही हिशेबांनी कॅल्गरीत जास्त गारठा हवा. प्रत्यक्षात जानेवारीची सरासरी कॅल्गरीत उणे ७ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि विनिपेगमध्ये उणे १६ च्या. दोन्ही शहरं प्रेअरी या एकाच विशाल गवताळ मैदानावरची, मध्ये ना डोंगररांग ना समुद्र. तरी नऊ अंशांचा फरक.

हा फरक आपल्याकडच्या बऱ्याच घरांना आता जवळचा झाला आहे. महाराष्ट्रातली मुलं विनिपेग, सॅस्कटून, फार्गो इथल्या विद्यापीठांत शिकायला जातात आणि इकडे आई-वडील मोबाइलवर तिथलं तापमान बघत बसतात. ‘आज उणे पंधराच आहे, कालच्यापेक्षा बरं,’ असा दिलासा स्वतःला देतात. त्या एका आकड्यावर विसंबू नका, असं मला त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं. प्रेअरीवर हवा किती गार आहे हे थर्मामीटर सांगतो. ती अंगाला किती झोंबणार आणि पडलेला बर्फ कुठे जाणार, हे मात्र वारा ठरवतो.

कॅल्गरीला वाचवतो तोही वाराच. पॅसिफिकवरची दमट हवा रॉकी पर्वत चढताना पाऊस आणि बर्फ टाकून मोकळी होते. बाष्पाचं पाणी होताना बाहेर पडलेली उष्णता हवेतच राहते. मग ही कोरडी हवा पूर्वेकडचा उतार उतरते, दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापत जाते. शाळेच्या भूगोलात वाचलेला चिनूक तो हाच. दक्षिण अल्बर्टात तो सुटला की काही तासांत बर्फ वितळू लागतो.

त्याचा सर्वांत थरारक दाखला मात्र अमेरिकेतला, साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्सच्या कुशीतल्या स्पिअरफिश गावचा. २२ जानेवारी १९४३ रोजी सकाळी साडेसातला तिथे उणे २० अंश होते. दोन मिनिटांत पारा ७ अंशांवर गेला. नंतर तो १२ पर्यंत चढला आणि नऊच्या सुमारास अवघ्या सत्तावीस मिनिटांत पुन्हा उणे २० वर आला. खिडक्यांच्या काचा तडकल्या. गरम आणि गार हवेची सीमारेषा त्या दिवशी गावावरून पुढे-मागे सरकत होती.

असा उबारा फुकट मिळत नाही. पांघरुणासारखा पसरलेला बर्फ वितळला की थंडीतला गहू उघडा पडतो आणि वितळलेलं पाणी रात्री गोठून रस्त्यांवर काचेसारखा थर धरतो.

पूर्वेला सरकत गेलं की हा उबारा संपतो. सॅस्कटूनला जानेवारीची सरासरी उणे १४ च्या घरात, विनिपेगला त्याहून खाली. इथे उत्तर ध्रुवाकडून निघालेली हवा बर्फाळ जमिनीवरून येते आणि तिला अडवायला वाटेत काही नाही. सॅस्कॅचेवानच्या प्रिन्स अल्बर्टला १ फेब्रुवारी १८९३ रोजी उणे ५६.७ अंशांची नोंद झाली होती. समुद्र जवळ नसल्यामुळे उन्हाळाही तितकाच टोकाचा. नॉर्थ डकोटात १५ फेब्रुवारी १९३६ रोजी पार्शल गावी उणे ५१ अंश होते आणि त्याच वर्षी ६ जुलैला त्याच राज्यातल्या स्टील गावी ४९. पाच महिन्यांत शंभर अंशांचं अंतर!

विनिपेग आणि फार्गो ही जोडी मला सर्वांत बोलकी वाटते. दोन्ही एकाच रेड नदीच्या काठी, साडेतीनशे किलोमीटरच्या अंतरावर, मध्ये फक्त देशांची सीमा. हिमयुगाच्या अखेरीस इथे अगासी नावाचं प्रचंड सरोवर होतं. त्याचा आटलेला तळ म्हणजे आजचं हे खोरं, म्हणून ते इतकं सपाट. फार्गो दक्षिणेला असल्यामुळे तिथला जानेवारी तीन-चार अंशांनी सौम्य. पण ते अमेरिकेतल्या सर्वाधिक वाऱ्याच्या शहरांपैकी एक आहे, आणि तिथे हा सौम्यपणा बघता बघता संपतो.

कसा, ते आकड्यांतच पाहू. आपल्या त्वचेलगत हवेचा एक पातळ, उबदार थर असतो. वारा तो सतत उडवून लावतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी हवा तापवावी लागते. उणे २० अंशांत ताशी ५ किलोमीटरची झुळूक असेल तर ते उणे २४ सारखं लागतं. उणे १५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उणे २७ सारखं. म्हणजे थर्मामीटरनं सौम्य ठरवलेला दिवस अंगाला जास्त बोचतो. उणे ३० आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा मिळाले की हिशेब उणे ४६ वर जातो. तेव्हा उघड्या गालाला किंवा कानाच्या पाळीला हिमदंश व्हायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

या मोजणीची सुरुवात अंटार्क्टिकावर झाली. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी तिथे वाऱ्यात टांगलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी किती वेळात गोठतं ते मोजलं आणि १९४५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नळकांडं म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे, त्यामुळे त्यावरून काढलेले आकडे अवास्तव भयंकर यायचे. पुढे स्वयंसेवकांना वाऱ्याच्या बोगद्यात चालवून, त्यांच्या चेहऱ्यावरची उष्णता मोजून नवं सूत्र बसवलं गेलं आणि २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांनी ते स्वीकारलं. हा आकडा फक्त उघड्या त्वचेसाठी आहे. उभ्या गाडीचं इंजिन वाऱ्यानं लवकर गार होईल, पण हवेच्या तापमानाखाली जाणार नाही. अर्थात उणे तीसमध्ये तेवढंही पुरतं. म्हणून तिकडे गाड्यांच्या बॉनेटमधून विजेची वायर बाहेर डोकावते. रात्री ती प्लगमध्ये लावून इंजिन कोमट ठेवतात.

फार्गोहून ईशान्येला, मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्सला गेलं की चित्र बदलतं. थर्मामीटरनुसार हे गाव फार्गोपेक्षा थंड. पण तिथे मैदान संपून सूचिपर्णी जंगल सुरू झालेलं असतं. झाडांमध्ये वारा मोडतो आणि पडलेला बर्फ पडल्या जागी राहतो.

मैदानावर तो राहत नाही. प्रेअरीवर ढिगांनी बर्फ पडत असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात विनिपेग, फार्गो, कॅल्गरी या तिन्ही ठिकाणी वर्षभरात साधारण एक ते सव्वा मीटर बर्फ पडतो. मोठ्या सरोवरांकाठच्या बफेलो शहरात याच्या जवळपास दुप्पट. पण प्रेअरीवरचा बर्फ कोरडा, भुरभुरीत. पडून गेलेला बर्फच वारा पुन्हा उचलतो. वर निळं आकाश, सूर्य तळपतोय आणि जमिनीलगत समोरचा हात दिसत नाही, असं हिमवादळ इथे होतं. नॉर्थ डकोटात अशा वेळी महामार्गाच्या तोंडाशी असलेली फाटकं बंद करतात.

हिमवादळ कशाला म्हणायचं याचे नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगळे आहेत. अमेरिकेत वारा किंवा झोत ताशी ५६ किलोमीटरचे आणि दृश्यता चारशे मीटरच्या आत, किमान तीन तास. कॅनडाच्या प्रेअरीवर वारा ताशी ४० पुरतो, दृश्यता तीच, पण अवधी चार तास. त्यामुळे या बाजूला आणि त्या बाजूला किती हिमवादळं झाली याची थेट तुलना करणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास बसत नाही.

१२ जानेवारी १८८८ ची सकाळ डकोटा आणि नेब्रास्कात उबदार उजाडली होती. लोक पुरेसे कपडे न घालता बाहेर पडले, मुलं शाळेत गेली. मग वायव्येकडून थंड हवेची भिंत घेऊन हिमवादळ आलं. दोनशेहून अधिक माणसं दगावली, त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं होती. घर ओळखीच्या अंतरावर असूनही ती वाट चुकली.

अशा मैदानावर वाऱ्याला अडवायचं तर झाडंच लावायला हवीत. जळगावकडचे केळीवाले बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात त्यामागचा विचार हाच. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात, १९३४ पासून आठ वर्षांत, नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत वीस कोटींहून जास्त झाडं लावली गेली. सॅस्कॅचेवानच्या इंडियन हेड इथल्या सरकारी रोपवाटिकेनं शतकभरात साठ कोटींवर रोपं शेतकऱ्यांना दिली. काही शेतकरी दुसरा उपाय करतात. कापणीनंतर जमीन न नांगरता धसकटं उभी ठेवतात, म्हणजे त्यांत बर्फ अडकून त्याखाली गव्हाचं रोप जगतं. पण मोठाल्या यंत्रांना वळायला जागा हवी म्हणून ते जुने वृक्षपट्टे आता ठिकठिकाणी उपटले जात आहेत आणि इंडियन हेडची रोपवाटिका २०१३ मध्ये सरकारनं बंद केली. हे मला घातक वाटतं. तिथे एक पट्टा वाढायला पंधरा-वीस वर्षं लागतात. बुलडोझरला एक दुपार पुरते.