गर्भातच मज्जारज्जूची राखण

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात, पाळी चुकल्याचे पुष्कळ स्त्रियांच्या नीट लक्षातही आलेले नसते तेव्हा, गर्भाच्या पाठीवरची पेशींची एक चपटी पट्टी वळून तिची नळी होते. याच नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. नळी खालच्या बाजूला मिटायची राहिली, तर कण्यात फट राहून मज्जारज्जू उघडा पडतो. या दोषाला स्पायना बायफिडा म्हणतात. मायलोमेनिंगोसील या त्याच्या गंभीर प्रकारात मुलाच्या पायांत ताकद नसते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही आणि बहुतेकदा मेंदूत पाणी साचते. ते पाणी पोटात उतरवण्यासाठी शंट नावाची बारीक नळी बसवावी लागते.

पूर्वी बाळ जन्मल्यावर पाठ शिवून टाकणे एवढाच इलाज होता. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असे. नळी न मिटणे हा पहिला घाव. उघडा मज्जारज्जू पुढे कित्येक आठवडे गर्भजलात भिजतो, गर्भाशयाच्या भिंतीवर घासतो आणि हळूहळू झिजतो, हा दुसरा. पहिला घाव कुणाला दिसायच्या आतच बसलेला असतो. दुसरा मात्र अडवता येतो. मेंढीच्या गर्भांवरच्या प्रयोगांतून 1990च्या दशकात हे ध्यानात आले आणि पुढचे सगळे काम या एका जाणिवेवर उभे राहिले.

गर्भावरील शस्त्रक्रियेचा पाया सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. मायकेल हॅरिसन यांनी घातला होता. त्याच परंपरेत डॉ. डायना फार्मर घडल्या. गर्भावर शस्त्रक्रिया करणाऱ्या जगातील पहिल्या महिला शल्यविशारद म्हणून त्या ओळखल्या जातात. 2003 मध्ये अमेरिकेतील तीन केंद्रांत ‘मॉम्स’ ही चाचणी सुरू झाली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या चमूत त्या होत्या. काही मातांच्या गर्भाची पाठ 26 आठवड्यांच्या आत शिवली गेली, बाकीच्यांच्या बाळांची जन्मानंतर. 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भातच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 40 टक्के बाळांना वर्षभरात शंट लागला, इतरांपैकी 82 टक्क्यांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराविना चालणारी मुले 21 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेली. याची किंमत आईने मोजली. मुदतीआधी प्रसूतीचे प्रमाण वाढले आणि गर्भाशयावरचा व्रण काहींच्या बाबतीत विरळ झाला. या उपचाराबद्दल बोलताना आईचा हा वाटा विसरणे अन्यायाचे आहे.

आकडे उत्साहवर्धक होते, तरी निम्म्याहून अधिक मुले आधाराविना चालत नव्हतीच. फार्मर यांना हे स्वस्थ बसू देईना. त्या विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत आल्यावर जैवअभियंता डॉ. आयजुन वांग यांच्यासह त्यांनी मूळपेशींकडे मोर्चा वळवला. या पेशी येतात वारेतून, म्हणजे प्रसूतीनंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या अवयवातून. दान मिळालेल्या वारेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, एका पातळ जैविक पट्टीवर पसरतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ती पट्टी उघड्या मज्जारज्जूवर ठेवून वरून पाठ शिवतात.

मूळपेशी म्हटले की नवे चेतातंतू उगवतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे तसे घडत नाही. वारेतील पेशी चेतापेशींना जगवणारी द्रव्ये स्रवतात आणि शिल्लक चेतापेशी मरू देत नाहीत. पिकाच्या राखणदारासारखे त्यांचे काम आहे. पेरणी त्या करत नाहीत. प्रयोगात असा दोष निर्माण केलेल्या कोकरांपैकी नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांना मागच्या पायांवर नीट उभे राहता येत नव्हते; पेशी लावलेली बरीच कोकरे जन्मानंतर चालू लागली.

या पुराव्याच्या बळावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माणसांवरील चाचणीला परवानगी दिली. ‘क्युअर’ नावाच्या या चाचणीत 2021 मध्ये सॅक्रमेंटो येथे पहिल्या मातेवर शस्त्रक्रिया झाली. एकूण 35 रुग्णांचे नियोजन करण्यात आले आणि मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत तपासत राहायचे ठरले. अडीच वर्षांची तपासणी त्यांत सर्वांत महत्त्वाची, कारण चालण्याचा निवाडा तिथे होतो. कोकरांत दिसले तेच मुलांत दिसेल असे गृहीत धरता येत नाही. मूळपेशींच्या नावाने कुणी खात्रीचा इलाज विकत असेल, तर त्यापासून दूर राहिलेले बरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे असे उपचार मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत.

पहिला घाव मात्र पुष्कळदा टाळता येतो आणि त्याला शल्यविशारद लागत नाही. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे 72 टक्क्यांनी घटतो, हे 1991 मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले. त्यांना लागणारा डोस मोठा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात; इतरांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरते. दिवस गेल्याचे कळल्यावर गोळी सुरू केली, तर नळी मिटण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. मूल हवे असे ठरवले त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ती सुरू करावी.