विश्लेषण : सावंतवाडीची गंजिफा पुन्हा खेळली जाईल का?

गणपतीत कोकणातल्या घरी जागरणाच्या रात्री पत्त्यांचा डाव रंगतो. मोहने, आंबिवली, कल्याण, डोंबिवलीतून गावी गेलेले चाकरमानीही त्यात बसतात. मात्र हे पत्ते बावन्न पानांचे. सावंतवाडीची स्वतःची गोल, हाताने रंगवलेली १२० पानांची गंजिफा डावात क्वचितच दिसते. ती आता दिसते ती भिंतीवरच्या चौकटीत किंवा भेटवस्तूच्या डबीत. या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण ज्या खेळासाठी ती जन्मली, त्या खेळाचे काय?

गंजिफा म्हणजे काय?

गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ. तो इराणकडून भारतात आला, असे मानले जाते. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही या खेळाचे वर्णन येते. मुघल गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने असतात. ताज, शमशेर, गुलाम अशी या रंगांची नावे. हा खेळ दख्खन, ओडिशा, म्हैसूर आणि कोकणात पोहोचला, तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या चिताऱ्यांनी त्याला आपले रूप दिले.

दशावतारी गंजिफेत १२० पाने कशी?

दरबारी चिन्हांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि रंग दहा झाले. प्रत्येक रंगात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक ते दहा. राजाच्या पानावर तो अवतार असतो, तर आकड्यांच्या पानांवर त्याची खूण तितक्या वेळा काढलेली असते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. आकडा लिहिलेला नसतो, खुणा मोजायच्या असतात. नववा अवतार कोणता, यात प्रदेशानुसार फरक पडतो. ओडिशात तिथे जगन्नाथ दिसतो.

खेळ कसा चालतो?

तीन खेळाडू, प्रत्येकाला ४० पाने. हुकूम नसतो. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. राजा आणि प्रधान नेहमीच वरचढ. पुढे मात्र गंमत आहे : पाच रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाच रंगांत नेमके उलटे. त्यामुळे कोणती पाने पडून गेली, हे लक्षात ठेवण्यावर सारा डाव. १२० पानांचा हिशेब डोक्यात ठेवणे हे बावन्न पानांच्या दुपटीहून अधिक काम आहे.

पाने तयार कशी होतात?

पारंपरिक पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवतात. ते वाळवून, घोटून गुळगुळीत करतात आणि गोल कापतात. मग बारीक कुंचल्याने चित्र काढतात. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळी, म्हणजे हातात पाने पसरली की रंग लगेच ओळखू यावा. शेवटी लाखेचा हात देतात. त्याने चकाकी येते आणि पान हाताच्या घामाला, दमट हवेला टिकते. श्रीमंतांसाठीचे, भरगच्च किनारीचे काम ‘दरबारी’, तर सामान्यांसाठीचे साधे, झपाट्याने केलेले काम ‘बाजारी’. पाठीमागचा भाग सगळ्या पानांचा सारखाच लागतो. एका पानावर वेगळा डाग पडला, तरी ते ओळखू येते आणि जोड खेळण्यासाठी निकामी ठरतो. शोभेच्या वस्तूला ही अट नसते.

कला लोप कशी पावली आणि वाचली कशी?

छापील, स्वस्त, आयताकृती बावन्न पत्ते आले आणि हाताने रंगवलेल्या जोडाला गिऱ्हाईक उरले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जाणणारे अगदी मोजके उरले. १९७० च्या दशकात संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात तरुण कारागिरांना शिकवायला सुरुवात केली. आजही दरबार हॉलमध्ये कारागीर काम करताना पाहता येतात. संग्राहकांचाही यात वाटा आहे. मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातील गंजिफा जमवल्या, त्यांवर लिहिले. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय गंजिफांचे प्रदर्शन झाले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही गंजिफा आहेत.

जपानने काय वेगळे केले?

जपानमधील ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांचे पत्ते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथे पत्ते नेले. जुगारावरील बंदीमुळे आकड्यांचे पत्ते वारंवार अडचणीत येत. त्यातून बारा महिन्यांच्या बारा वनस्पती, प्रत्येकीची चार पाने, असा ४८ पानांचा जोड घडला. जानेवारीला पाइन आणि क्रौंच, मार्चला चेरी, ऑक्टोबरला मेपल आणि हरीण. यातही आकडा नाही. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी क्योटोत हे पत्ते बनवायला सुरुवात केली. ती कंपनी म्हणजे आजची निन्टेन्डो. व्हिडीओ गेममध्ये जगभर नाव झाल्यावरही तिने हानाफुदा बनवणे सोडलेले नाही.

बाहेरून आलेला खेळ दोन्हीकडे आपलासा केला गेला. फरक पुढे पडला. हानाफुदा छापली गेली, स्वस्त झाली, खिशात मावली. कोरियात ती ‘ह्वातू’ या नावाने घरोघरी पोहोचली. गंजिफा मात्र हाताने रंगवलेलीच राहिली. एका जोडाला काही हजार रुपये मोजणारा माणूस ती पिसत नाही, जपून ठेवतो.

मानांकनाने काय साधेल?

भौगोलिक मानांकन १९९९ च्या कायद्यानुसार मिळते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते. ‘सावंतवाडी गंजिफा’ हे नाव लावून कुणी दुसरीकडचा माल विकू लागला, तर त्याला अटकाव करता येतो. पण मानांकन नाव राखते, गिऱ्हाईक आणत नाही आणि खेळाडू तर नाहीच. चितारी घडायला वर्षे लागतात. मागणी फक्त पर्यटकाच्या एका सुट्या पानाची असेल, तर १२० पानांचा पूर्ण, एकसारखा जोड करण्याचा सराव हळूहळू सुटतो. राजा-प्रधानाची देखणी चित्रे उरतात आणि आकड्यांची साधी पाने, ज्यांवर खेळ उभा आहे, ती मागे पडतात.

मग उपाय कोणता?

एक वाट जपानने दाखवली आहे : संग्राहकासाठी हाताचा जोड आणि खेळणाऱ्यासाठी छापील, परवडणारा जोड, सोबत मराठीत नियम. हाताच्या कामाचे मोल त्याने घटत नाही, उलट ते ओळखणारे डोळे वाढतात. दुसरी वाट गिऱ्हाइकाच्या हातात आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यातून दिव्याची सावंतवाडी गाडी पकडणाऱ्यांना राजवाडा दूर नाही. तिथे गेल्यावर एखादे पान न घेता, ‘हे खेळतात कसे?’ एवढे विचारून, शिकून यावे. पुढच्या गणपतीत तिघे जण डावाला बसले, तर दिवस असल्यास रामाचा राजा शोधावा, रात्र असल्यास कृष्णाचा.