उपेक्षित उतारा

दिल्लीतील जुने राजेंद्रनगर असो की पुण्यातील सदाशिव पेठ असो, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवाराच्या खोलीत भिंतीवर एक वेळापत्रक हटकून चिकटविलेले आढळते. पहाटे राज्यघटना, दुपारी इतिहास, सायंकाळी अर्थव्यवस्था, रात्री अंकगणित अशी त्याची मांडणी असते. या कोष्टकात जो एक विषय सहसा सापडत नाही, तो म्हणजे उताऱ्याचे आकलन. याविषयी विचारले असता उमेदवार किंचित हसतो आणि म्हणतो, "त्याचा काय अभ्यास करावयाचा? वाचता तर येतेच."

ही उपेक्षा परवडण्यासारखी असती तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा पूर्वपरीक्षेत 2011 पासून जो दुसरा पेपर आणला, त्याच्या अभ्यासक्रमातील पहिलाच शब्द 'आकलन' हा आहे. 80 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास असे या पेपराचे स्वरूप असून, अलीकडील वर्षांत सुमारे एक तृतीयांश प्रश्न उताऱ्यांवर येतात. व्यवस्थापनशास्त्राच्या 'कॅट' या प्रवेशपरीक्षेत भाषाविभागाच्या 24 प्रश्नांपैकी 16 उताऱ्यांवरचे असतात. विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' परीक्षेने तर 2020 पासून जवळजवळ सर्वच प्रश्न उताऱ्यांच्या आधाराने विचारण्यास प्रारंभ केला. परीक्षक ज्या गोष्टीस एवढे महत्त्व देतात, तिच्याकडेच परीक्षार्थी पाठ फिरवितात, हे कोडे थोडे उकलून पाहिले पाहिजे.

आळस हे त्याचे कारण नव्हे. हीच मुले दिवसाचे बारा-बारा तास अभ्यास करीत असतात. खरे कारण असे की, या विषयातील अज्ञान बोचत नाही. गणित सुटले नाही तर विद्यार्थ्याला ते तत्क्षणी कळते. सनावळी आठवली नाही तर ती आठवत नाही याची जाणीव होते. उतारा चुकीचा समजला तर मात्र तो समजल्यासारखाच वाटतो. 1982 साली अमेरिकेत आर्थर ग्लेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे वाचावयास दिले. त्यांत परस्परांना छेद देणारी विधाने मुद्दाम घातलेली होती. अनेकांना ती विसंगती दिसली नाही. आणि गंमत अशी की, उतारा आपल्याला चांगला समजला, असे त्यांनीच सांगितले. या अवस्थेला संशोधकांनी 'जाणल्याचा भ्रम' असे नाव दिले. ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, तो वैद्याकडे कशाला जाईल?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा उतारा असा आहे: 'या तालुक्यातील विहिरींची संख्या दहा वर्षांत दुप्पट झाली, परंतु बागायती क्षेत्र जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले.' यावरून काढता येणारे सर्वांत तर्कसंगत अनुमान कोणते, असा प्रश्न आहे. पहिला पर्याय, भूगर्भातील पाण्याची पातळी खालावली. दुसरा, शेतकऱ्यांनी पिके बदलली. तिसरा, नव्या विहिरींवर शासनाने निर्बंध घालावेत. चौथा, विहिरी वाढल्या म्हणजे बागायत त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. मराठवाड्यातून आलेला हुशार मुलगा पहिल्या पर्यायावर खूण करील, कारण त्याने गावच्या विहिरी आटताना डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्याचे म्हणणे जगात खरेही असेल, पण त्या दोन ओळींत ते कोठेही नाही. उत्तर चौथे आहे, आणि ते इतके मिळमिळीत दिसते की त्याच्यावर कोणाची नजर ठरत नाही.

ही चूक नवी नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1917 साली शाळकरी मुलांनी उताऱ्यांवर लिहिलेली चुकीची उत्तरे तपासली होती. वाचन ही शब्द ओळखण्याची यांत्रिक क्रिया नसून प्रत्येक शब्दाला योग्य तेवढे वजन देण्याची विचारक्रिया आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एखादा शब्द वाचकाच्या मनात अवाजवी मोठा होतो आणि शेजारचे 'परंतु', 'केवळ', 'क्वचित' हे लहान शब्द त्याखाली दबून जातात. वरच्या उताऱ्यात 'विहीर' हा शब्द तसा माजतो.

म्हणून माहितीच घातक आहे असे मात्र कोणी समजू नये. 1988 साली अमेरिकेतील एका प्रयोगात बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन मुलांना वाचावयास दिले, तेव्हा वाचनात कच्ची परंतु खेळ जाणणारी मुले ही, वाचनात तरबेज पण खेळाविषयी अनभिज्ञ असणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तेव्हा ज्ञानावाचून आकलन नाही. फक्त ते ज्ञान उताऱ्याच्या जागी बसता कामा नये. हा तोल शिकविणे कठीण आहे, आणि जे शिकविणे कठीण ते विकणेही कठीण. शिकवणीवर्गाला शंभर प्रकरणे, हजार प्रश्न, पन्नास सूत्रे असा मोजून दाखविता येणारा माल हवा असतो. आकलनाला प्रकरणे नाहीत. मग त्याच्या जागी युक्त्या येतात: आधी प्रश्न वाचा, कळीचा शब्द शोधा, पहिले व शेवटचे वाक्य पाहा.

दोष एकट्या शिकवणीवर्गांचाही नाही. शाळेतील अपठित उताऱ्याची रीतच अनेक ठिकाणी अशी असते की, प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावयाचा आणि ते वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवावयाचे. उतारा न समजताही पैकीच्या पैकी गुण मिळतात. दहा वर्षे ज्याला शोधणे म्हणजेच वाचणे असे वाटत आले, त्याच्यासमोर लेखकाने न लिहिलेले गृहीतक कोणते, असा प्रश्न आला म्हणजे तो उताऱ्यात पुन्हा शब्दच हुडकू लागतो.

नागरी सेवा परीक्षेत या उपेक्षेला 2015 पासून एक निमित्तही मिळाले. त्या वर्षी दुसरा पेपर केवळ पात्रतेचा झाला. 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की पुरे. त्यातील 'केवळ' हा शब्द पुष्कळांनी वाचला. 66 गुण न मिळाल्यास पहिल्या पेपरातील उत्तम गुणही व्यर्थ जातात, हे मागाहून कळले. खुल्या गटातील उमेदवारास सहाच संधी असतात, आणि त्यांतली एक अशी जाते. मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण तर दुहेरी आहे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पण पूर्वपरीक्षेतील उतारा इंग्रजीत किंवा हिंदीत छापलेला असतो. मातृभाषेत जी सवय लागली नाही ती परक्या भाषेत, आणि प्रश्नागणिक दीड मिनिटात, लागावी कशी?

ती लागते ती हळूहळू. काही अनुभवी शिक्षक चुकलेल्या प्रश्नांची एक वही करावयास सांगतात. बरोबर उत्तर कोणते, एवढे लिहून तेथे भागत नाही. आपण चुकीचा पर्याय का निवडला, उताऱ्यातील कोणता शब्द नजरेतून सुटला आणि कोणता आपण पदरचा घातला, हे एका वाक्यात नोंदवावयाचे. मग पर्याय झाकून लेखकाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत, मराठीत, दोन ओळींत लिहावयाचे. एका उताऱ्यास अर्धा तास सहज लागतो. पहिले काही आठवडे गुण वाढलेले दिसत नाहीत, उलट वेग मंदावल्याने कधी घटतातही. बहुतेकांची वही याच सुमारास बंद पडते आणि भिंतीवरच्या वेळापत्रकातील तो अर्धा तास पुन्हा इतिहासाकडे जातो.