हिवाळा आणि दारचा कुत्रा

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग मानतात, आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील देऊळघाट हे घाटावरच्या भागात मोडत असल्यामुळे मलकापूर-नांदुऱ्याकडील सपाटीपेक्षा येथील थंडी अधिक बोचते. मार्गशीर्ष लागला म्हणजे पहाटे ओट्यापुढे पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटतात, म्हातारी माणसे गोधडीतून हात बाहेर काढावयास नाखूश असतात. आणि नेमक्या याच दिवसांत, वैशाखात रांजणाखालच्या ओल्या मातीत दिवसभर निपचित पडून राहणारा दारचा कुत्रा अंगात वारे संचारल्याप्रमाणे उधळू लागतो. थंडीने आपण आखडतो म्हणून कुत्राही आखडत असावा, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती बहुतांशी याच्या उलट आहे. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, म्हणजे माणसाहून अधिक असते, आणि पंजांचे तळवे सोडले तर त्याला घाम जवळजवळ येतच नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य उपाय. तेव्हा त्याचा खरा वैरी उन्हाळा. उन्हाने त्याच्या हालचालींवर घातलेली बंदी हिवाळ्यात उठते आणि निरोगी, तरण्या कुत्र्याच्या अंगी वर्षातील सर्वांत अधिक उत्साह याच तीन महिन्यांत येतो.

अडचण असते ती खावंदाची. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी वीज रात्रीच्या पाळीत मिळाली म्हणजे घरधनी रात्रभर वावरात आणि दिवसा अंथरुणात, घरातील बाया कापूस वेचण्यास किंवा तूर सोंगण्यास गेलेल्या, मुले शाळेत. जो कुत्रा धन्याबरोबर मळ्यात जातो त्याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण बांधाबांधाने हिंडण्यात त्याचा दिवस कारणी लागतो. प्रश्न आहे तो गावातील घरी, ‘कोणाला चावू नये’ म्हणून साखळीला अडकवून ठेवलेल्या कुत्र्याचा. त्याच्यापाशी बळ आहे, ऊन कोवळे आहे, आणि करावयाचे मात्र काही नाही. मग तो चपला कुरतडतो, तुळशीवृंदावनापाशी उकरतो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर तासन्‌तास भुंकतो, आणि आपण त्यास खोड म्हणून काठी उगारतो. ती खोड नव्हे; रिकामपणाची तक्रार मांडण्यास त्याच्यापाशी दुसरी भाषा नाही. या बाबतीत आपला कायदाही पुष्कळ समंजस आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात, नित्य बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्याविषयी मालकाने हयगय केल्यास तो अपराध ठरविला आहे. दंडाची रक्कम नाममात्र असली तरी फिरविणे हा कुत्र्याचा हक्क आणि मालकाचे कर्तव्य, हे तत्त्व सरकारदरबारी तेव्हाच नमूद झाले आहे.

अर्थात सगळे कुत्रे एका अंगाचे नसतात. दाट केसांच्या गावठी कुत्र्याला येथील थंडी सहज सोसते. परंतु आपल्या दख्खनच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेलेला कारवानी, त्याच्या पातळ कातडीमुळे आणि अंगावर चरबी नसल्यामुळे, पहाटेच्या गारठ्यात खरोखरच कुडकुडतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळे नावारूपास आलेला आणि २००५ साली टपालखात्याच्या तिकिटावर झळकलेला मुधोळ हाउंड हा याचाच भाऊबंद. अशा कुत्र्यासाठी जुन्या गोधडीची, पोटाखालून बांधता येईल अशी झूल शिवावी, आणि निजण्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर बारदान घालून द्यावे. बैलाच्या झुलीची काळजी वाहणाऱ्या गावाला हे काम अवघड नाही. कारवानीची धावही निराळी असते. तो दृष्टीने सावज हेरून वाऱ्याच्या वेगाने थोडे अंतर तोडणारा प्राणी असल्यामुळे, मैलभर संथ चालण्यापेक्षा मोकळ्या रानात मनसोक्त मारलेल्या चार भराऱ्या त्याला अधिक तृप्त करतात. मात्र रान निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: सोंगलेल्या तुरीची धसकटे पंजा फाडतात, तेव्हा नांगरलेले किंवा पडीक वावर बरे, आणि ससा उठण्याचा संभव असेल तेथे कुत्रा सोडू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाच्या शिकारीस मनाई आहे.

परंतु केवळ दमविणे म्हणजे रिझविणे नव्हे, हे मला या लेखात विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे. रोज अधिक पळविलेला कुत्रा अधिक कणखर होतो आणि उद्या त्याहून अधिक पळू मागतो; त्याचे मन मात्र उपाशीच राहते. त्या मनाचे द्वार नाकात आहे. आपल्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींच्या घरात असतात असा अंदाज आहे. रस्त्याच्या कडेचा एखादा दगड तो मिनिटभर हुंगत राहतो तेव्हा तेथून कोण गेले, केव्हा गेले, ओळखीचे की परके, या साऱ्याचा तो छडा लावत असतो; आणि आपण घाईने साखळीला हिसका देऊन त्याचा तपास अर्ध्यावर मोडतो. न्यूयॉर्कमधील संशोधिका अलेक्झांड्रा हॉरोविट्झ आणि त्यांच्या सहकारी शार्लोट ड्युरांटन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधण्याचे काम दिले आणि काहींना मालकाच्या पायालगत शिस्तीने चालण्याची तालीम दिली. नंतर, भरलेले की रिकामे याचा निश्चय होऊ नये अशा जागी भांडे ठेवले असता, हुंगण्याचे काम केलेले कुत्रे पूर्वीपेक्षा अधिक उत्सुकतेने त्याकडे गेले. शिस्तीने चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. आशा ही मनुष्येतर जीवालाही लागते आणि ती नाकाच्या वाटेने वाढते, असा याचा अर्थ मी घेतो.

देऊळघाटासारख्या गावात या कामासाठी विकतचे एकही खेळणे लागत नाही. हिवाळ्यात घरोघरी तुरीचे कुटार साठविलेले असते. ते पाटीभर घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात पसरावे, कुत्र्यास दुसरीकडे धरून ठेवावे, आणि त्याच्या वाट्याचीच भाकर बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यात विखरून टाकावी. मग त्यास सोडून पाहावे. प्रथम तो अधीरपणे ढीग पायांनी उधळतो, एखादा तुकडा हाती लागतो, पुष्कळसे निसटतात. हळूहळू शेपटीची वळवळ थांबते, मान खाली येते, नाकपुड्यांचा फुरफुर असा बारीक आवाज सुरू होतो, आणि तो वाऱ्याच्या दिशेने तोंड करून आडव्या-उभ्या फेऱ्या घालू लागतो. एका तुकड्यावरून पुढे गेलेला कुत्रा दोन पावलांवर अवचित थबकून, मान मागे वळवून, नेमका तोच तुकडा उचलतो तेव्हा त्याच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. जी भाकर ताटलीत घातली असता चार घासांत संपली असती तिच्यावर त्याची सारी सकाळ रंगते, आणि काम संपल्यावर तो शांत निजतो. गव्हाचा भुसा मात्र यासाठी वापरू नये; त्यातील कुसळे नाकात, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत रुतून पू होतो.

याच प्रकारची दुसरी युक्ती म्हणजे फाटक्या बारदानाच्या गुंडाळीत, किंवा आठवडी बाजारातून आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, वाळलेल्या बोंबलाचा तुकडा दडवून देणे. खोके फाडले तर फाडू द्यावे. फाडण्यासाठीच ते दिले आहे. उकरण्याची हौस असलेल्या कुत्र्यासाठी परसात पाटी-दोन पाट्या रेती टाकून तेथेच काही पुरून ठेवावे, म्हणजे तुळस वाचते.

रात्र मोठी आणि बाहेर जाणे अशक्य, अशा वेळी शिकविण्यासारखे उत्तम मनोरंजन नाही. याचा अत्यंत बोलका दाखला जर्मनीतील रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याचा आहे. तो दहा महिन्यांचा असताना खांद्याच्या दुखण्यामुळे त्याची धावपळ बंद करावी लागली, तेव्हा मालकांनी घरातल्या घरात वस्तू मांडून नावाने मागावयास आरंभ केला. त्यातून त्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे अवगत झाली, आणि २००४ साली लायप्झिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी त्याची परीक्षा घेऊन ‘सायन्स’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. आपल्या कुत्र्याला ‘दोर आण’, ‘चप्पल आण’, ‘बाबा कुठे?’ एवढे आले तरी पुष्कळ झाले. एका वेळी एकच नाव, पाच-दहा मिनिटे, आणि तो कंटाळण्याआधी आपण थांबावे. मुलांनी कोठीमागे लपून त्यास हाक मारावी आणि त्याने शोधून काढावे, हा लपंडाव मुलांना आणि कुत्र्याला सारखाच प्रिय असतो.

रात्री बाहेर नेऊ नये असे मी म्हणतो त्याचे कारण केवळ गारठा नव्हे. खामगावच्या वाटेवरील ज्ञानगंगा अभयारण्य येथून दूर नाही. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातून १३०० किलोमीटरांहून अधिक पायपीट करून आलेला रेडिओ कॉलर लावलेला वाघ याच अरण्यात येऊन राहिला होता. वाघ हा क्वचितचा पाहुणा. बिबट्या मात्र नित्याचा, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला असता, त्याच्या एकंदर खाद्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. गळ्याला साखळी असलेल्या कुत्र्यास पळताही येत नाही. धनगरांचे कुत्रे वाड्यावर मोकळे आणि एकमेकांच्या सोबतीने असतात. गोठ्याबाहेर एकट्या बांधलेल्या कुत्र्याकडून राखणीची अपेक्षा करणे म्हणजे त्याला जिवानिशी पाठविणे होय. दिवेलागणीनंतर तो आत असावा.

तेव्हा फिरविण्याची वेळ दोन: सकाळी ऊन अंगावर आल्यानंतर, आणि तिसऱ्या प्रहरी. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे पहाटे धरलेले असतात, म्हणून त्यास प्रथम उन्हात बसू द्यावे आणि मग हळूहळू चालवावे. पाणी थंड म्हणून तो कमी पितो. भाकर पातळ ताकात कुस्करली तर ती उणीव भरून निघते. खेळात जेवढी भाकर वाटली तेवढी ताटलीतून वजा करावी, अन्यथा माघ सरेतो तो सुटतो. संक्रांतीच्या आसपास दोन दिवस त्यास मोकळे सोडू नये, कारण पतंगाचा नायलॉन मांजा झुडपांत अडकून राहतो आणि पाय कापतो. आणि तिळगूळ वाटताना मनुका व बेदाणे त्याच्या तोंडी जाणार नाहीत एवढी दक्षता मुलांकडून घ्यावी, कारण मूठभर मनुकांनीही कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चुकून खाल्ल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.