एकशे साठपासून दोनशे तीनपर्यंत

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरावरून काही सायकलवेड्यांनी जुन्या, जाडजूड सायकलींवर शर्यत लावली. ब्रेक मागच्या हबमधला, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. सुमारे तीन किलोमीटरच्या त्या मातीच्या उतारावर हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. माउंटन बाइकच्या ब्रेकची गोष्ट मला त्या धुरातच सुरू झालेली दिसते. पुढची बरीच धडपड उष्णतेशीच आहे.

ऐंशीच्या दशकात कँटिलिव्हर ब्रेक होते, १९९६ च्या सुमारास शिमानोचे व्ही-ब्रेक आले. कोरड्या वाटेवर ते छान धरायचे; रिमला ओला चिखल लागला की त्यांचा जोर ओसरायचा. हेज, होप या कंपन्यांच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकनी ती अडचण मुळातूनच सोडवली. ब्रेक रिमवरून उचलून हबजवळच्या चकतीवर, म्हणजे रोटरवर, नेला.

क्रॉसकंट्रीला १६० मिलिमीटरचा रोटर, डाउनहिलला २०३ चा, अशी वाटणी बरीच वर्षं चालली. मग २६ इंची चाकं मागे पडून २९ इंची आली आणि हिशेब बदलला. टायर धरून हे चाक साधारण दहा टक्के मोठं. चाक मोठं झालं की तेवढ्याच दाबाला सायकल कमी आवरते. १६० च्या जागी १८० घेतला तर रोटरचा व्यास साडेबारा टक्के वाढतो, म्हणजे जुनी पकड जेमतेम परत मिळते. मोठ्या रोटरला निव्वळ फॅशन म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

शिवाय मोठ्या रोटरला धातू जास्त, त्यामुळे तो सावकाश तापतो. लांब उतार, वजनदार स्वार किंवा ई-बाइक असेल तर मी याच कारणासाठी आधी रोटर वाढवायला सांगेन, चार पिस्टनचा कॅलिपर त्यानंतर. उतारावर भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढे २०३ आणि मागे १८० ही जोडी मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. मोठा रोटर बसवायला अॅडॅप्टर घेण्यापूर्वी फोर्कच्या कंपनीने दिलेली रोटरची कमाल मर्यादा मात्र पाहावीच, कारण ब्रेकचा सगळा ताण फोर्कच्या पायावर येतो.