विस्मृत गेम कन्सोल आणि प्रथमानुभवाचे मूल्य : ‘व्हेक्ट्रेक्स’च्या संदर्भात

प्रस्तावना :
कोणत्याही कलाकृतीची पहिली भेट तिच्याविषयीचे आपले मत बऱ्याच अंशी घडविते. व्हिडिओ गेमही यास अपवाद नाहीत. मात्र जुन्या व अल्पपरिचित कन्सोलवरील खेळांबाबत एक वेगळीच अडचण उद्भवते. आज हे खेळ मूळ यंत्रावर क्वचितच खेळले जातात; बहुधा ते इम्युलेटरच्या साहाय्याने संगणकावर खेळले जातात. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे कार्य नव्या संगणकावर घडवून आणणारी आज्ञावली होय. अशा वेळी बनणारे पहिले मत खेळाविषयीचे असते की त्याच्या प्रतिकृतीविषयीचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राचे स्वरूप :
‘व्हेक्ट्रेक्स’ हा कन्सोल अमेरिकेतील जनरल कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८२ मध्ये १९९ डॉलर किमतीस बाजारात आणला. १९८३ मध्ये मिल्टन ब्रॅडलीने ही कंपनी विकत घेतली. परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील व्हिडिओ गेम उद्योग कोसळला आणि १९८४ मध्ये व्हेक्ट्रेक्स बंद करण्यात आला.

इतर कन्सोल दूरचित्रवाणी संचाला जोडावे लागत. व्हेक्ट्रेक्समध्ये ९ इंची उभा पडदा अंगभूतच होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉन शलाका ओळीमागून ओळ फिरते व बिंदूंनी चित्र भरते. येथे मात्र ती एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट रेषा काढते. त्यामुळे तिरपी रेषाही पायऱ्यापायऱ्यांची न दिसता सलग दिसते आणि काळ्या पार्श्वभूमीवर तेजाने उजळते. पडद्यास स्वतःचे रंग नव्हते. प्रत्येक खेळासोबत मिळणारा पारदर्शक रंगीत पत्रा पडद्यावर बसवून रंगांचा आभास निर्माण केला जाई.

प्रथमानुभवाचे विश्लेषण :
या यंत्रात ‘माइन स्टॉर्म’ हा खेळ अंगभूत होता. अवकाशयान फिरवून सुरुंग नष्ट करणे, एवढेच त्याचे कथानक. संगणकावर तो प्रथमच खेळणाऱ्यास १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’ची नक्कल वाटण्याचा संभव असतो. पडद्यावर काही बारीक रेषा दिसतात, रंग नसतात, कोणती कळ कशासाठी हेही खेळ सांगत नाही. ‘प्राथमिक’ असा शेरा मारून खेळाडू पाच मिनिटांत दुसरीकडे वळतो.

हे मत खोटे नसते. ते अपुरे असते. आधुनिक पडदा चौकोनी बिंदूंचा बनलेला असल्याने मूळ रेषेचे तेज तेथे पूर्णतः उतरत नाही. पडद्यावर रेषा वाढल्या की मूळ यंत्रास त्या सर्व पुनःपुन्हा काढण्यास अधिक वेळ लागतो व चित्र लुकलुकते. मध्यावर आपोआप परतणारी जॉयस्टिक कमी-अधिक कलाची दखल घेत असे. संगणकाच्या कळफलकावर हा फरक नाहीसा होतो. कळींचा उलगडा आज्ञावलीबाहेर, छापील माहितीपुस्तिकेत होता. म्हणजेच ज्या उणिवा खेळाच्या वाटतात, त्यांपैकी काही प्रतिकृतीच्या असतात.

जतनाचा प्रश्न :
व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन व सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ दूरस्थ अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. व्हेक्ट्रेक्सची स्थिती याहून बरी आहे. त्याच्या हक्कधारकांनी १९९० च्या दशकातच अव्यावसायिक वितरणास मुभा दिली. तरीही आज्ञावली मोफत मिळाली म्हणून अनुभव मिळत नाही. तिची प्रत क्षणात निघते. काचेच्या पडद्याची निघत नाही. शिल्लक यंत्रे जुनी होत आहेत व त्यांची दुरुस्ती जाणणारेही थोडेच आहेत.

निष्कर्ष :
विस्मृत खेळाचे पहिले मत प्रामाणिकपणे नोंदवावे. पण तो कोणत्या पडद्यावर व कोणत्या साधनाने खेळला, हेही सोबत नोंदवावे. माहितीपुस्तिका वाचून तो पुन्हा एकदा खेळावा. संग्रहालयांनी आज्ञावलीबरोबरच चालू स्थितीतील यंत्र, पुस्तिका व रंगीत पत्रे जपणे आवश्यक आहे. अन्यथा पुढील पिढी या खेळांना कंटाळवाणे ठरवील आणि तो निर्णय तपासून पाहण्याचे साधन कोणापाशीच उरणार नाही.